विश्लेषण : चकलीचा घाणा सांभाळायचा की रोजची रील?

वसुबारस चार दिवसांवर आलेली असते. डोंबिवलीतल्या, साताऱ्यातल्या किंवा नाशिकच्या एखाद्या घरात भाजणी मळून तयार असते, कढईत तेल तापलेले असते आणि ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून मोबाइल उभा केलेला असतो. आजची रील अजून व्हायची आहे. सोऱ्या खाली ठेवायचा, फोनचा कोन नीट करायचा, हात पुसायचे, पुन्हा सोऱ्या उचलायचा. मध्येच कोणाचा तरी ‘रेट काय?’ असा मेसेज येतो. तेवढ्यात तेलाचा ताव उतरतो आणि चकली तेल पिते. तो घाणा घरच्यांसाठी बाजूला काढला जातो. रील मात्र रात्री अकरा वाजता, गाणे शोधून, वर अक्षरे चिकटवून एकदाची टाकली जाते.

घरगुती फराळ करणारीला मेहनतीची सवय असते. तिला थकवते ती या मेहनतीला चिकटून आलेली दुसरी, बिनपगारी नोकरी. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद केली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामातून निर्माण होणारी स्थिती म्हणून. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती संपल्यासारखा थकवा, कामावरून मन उडणे आणि हातून काम नीट होत नसल्याची भावना. तेलकट चकलीच्या बाबतीत तिसरे लक्षण नुसती भावना राहत नाही. ते डब्यात भरून गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचते.

रोज पोस्ट टाकण्याचा सल्ला कोणासाठी?

जून 2020 च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केल्या. तोच काळ टाळेबंदीचा. अनेक घरांतून तेव्हा डबे, केक, मसाले, फराळ विकायला सुरुवात झाली आणि ‘सातत्य ठेवा, रोज पोस्ट टाका’ हा मंत्र सगळ्यांना सरसकट मिळाला. पण ज्याचा धंदाच व्हिडिओ आहे, त्याला तो लागू पडतो. त्याचा व्हिडिओ जितका जास्त पाहिला जाईल, तितकी त्याची कमाई. फराळवालीचा माल चकली आहे, आणि चकलीला मर्यादा आहे.

हिशेब साधा आहे. समजा, दोन हात आणि मदतीला एक बाई एवढ्यावर हंगामात 40 किलो चकली होते. गिऱ्हाईक सरासरी एक किलो घेते असे धरले, तर लागतात 40 घरे. यातली निम्मी-अधिक आधीच फोनमध्ये असतात. मग रील लाखभर लोकांनी पाहिली तर काय होते? इंदूरहून, सुरतहून चौकशी येते, ‘कुरिअर करता का?’ विचारले जाते, प्रत्येकाला उत्तर द्यावे लागते आणि त्यातल्या बहुतेकांना नाही म्हणावे लागते. ते नाही म्हणण्याचे कामही तिच्याच डोक्यावर. कढई वाढवायची तयारी नसताना गिऱ्हाईक वाढवण्याची धडपड म्हणजे तक्रारींना आमंत्रण.

ज्यांनी या वर्षीच सुरुवात केली, ज्यांच्या ओळखी कमी आहेत, त्यांना दिसणे गरजेचे आहे, हेही खरे. पण त्यांनी हौसेने रील करायच्या त्या आषाढ-श्रावणात. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

मग वेळापत्रक कुठून आणायचे?

त्यासाठी कोणता कोर्स करायची गरज नाही. ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले आहे. 1973 पासून घरोघरी असलेल्या कालनिर्णयमध्ये किंवा दुसऱ्या कोणत्याही दिनदर्शिकेत वर्षभराचा आराखडा तयारच असतो : संक्रांतीला तिळगूळ आणि गुळपोळी, चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, सांडगे, भाद्रपदात उकडीचे मोदक, आश्विनात फराळ. लोक काय शोधणार आहेत हे तिथी आधीच सांगते. धंद्याचे वेळापत्रक त्याच्यावर बेतावे. फोनमधल्या ‘आज काही पोस्ट केले नाही’ या टोचणीवर नव्हे.

फक्त गेल्या वर्षीच्या इंग्रजी तारखा जशाच्या तशा उतरवू नयेत. महाराष्ट्रात 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला झाले, 2026 मध्ये ते 8 नोव्हेंबरला आहे, कारण त्या वर्षी मध्ये अधिक ज्येष्ठ येतो. तो अधिक महिना स्वतःच एक हंगाम असतो. जावयाच्या वाणाला 33 अनारसे लागतात आणि ते घरी करणाऱ्या सासूबाई आता कमी झाल्या आहेत.

दिवाळीपुरते पाहायचे तर सर्वपित्री अमावास्येपासून लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येपर्यंत बरोबर एक चांद्रमास मिळतो. त्या महिन्यात चार पोस्ट पुरतात. घटस्थापनेला फराळाची यादी आणि दर. दसऱ्याला परदेशी पार्सलची शेवटची तारीख, कारण अमेरिकेतल्या मुलाला लाडू पाठवायचे असतील तर आईला ते वेळेवर कळायला हवे. कोजागरीला ‘एवढ्याच ऑर्डर शिल्लक’ ही आठवण. आणि वसुबारसेच्या आठवडाभर आधी ‘ऑर्डर बंद’. ही शेवटची पोस्ट बहुतेक जणी टाकत नाहीत. भिडेखातर नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीपर्यंत हो म्हणत राहतात.

या चारही पोस्टची तयारी पितृपंधरवड्यात करावी. श्राद्धाचा स्वयंपाक न करणाऱ्यांकडे त्या पंधरा दिवसांत ऑर्डर थंडावतात. ऑर्डरला मुहूर्त पाहतात, फोटोला पाहत नाहीत. वाटीभर पिठाच्या चकल्या, थोडे लाडू, थोड्या करंज्या करून खिडकीच्या उजेडात एका दुपारी फोटो काढून होतात. मजकूर लिहून ठेवावा. मेटा बिझनेस सूटमध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या पोस्ट वार-वेळ लावून ठेवता येतात, त्याला पैसे पडत नाहीत.

आणखी एक पथ्य आहे. आठवड्याला किती पोस्ट जमतील हे निवांत आठवड्यावरून ठरवू नये. मुलाची परीक्षा आहे, गॅस संपला आहे, मदतनीस गावी गेली आहे, अशा आठवड्यात जेवढे जमेल तेवढाच आकडा धरावा. तो एक निघाला तरी हरकत नाही.

सांगण्यासारखे रोज नवे कुठून आणायचे?

आणायचे नाही, जे चालू आहे ते दाखवायचे. अनारशाचेच पाहा. तांदूळ तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलावे लागते. मग ते निथळून सावलीत सुकवायचे, दमट असतानाच दळायचे, चाळायचे, गूळ आणि थोडे तूप घालून पीठ चार-पाच दिवस मुरू द्यायचे. शेवटी खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तळायचे. आठ-दहा दिवसांच्या या कामात प्रत्येक टप्प्याला एक फोटो काढला तरी पाच-सहा स्टेटस होतात. त्यासाठी नाचावे लागत नाही, की गाणे शोधावे लागत नाही. शिवाय अनारसा महाग का, हा प्रश्न विचारणारे आपोआप कमी होतात.

दर, पत्ता, एफएसएसएआय नोंदणी क्रमांक, किती दिवस टिकते, या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगण्यात मात्र शहाणपण नाही. व्हॉट्सअॅप बिझनेस भारतात 2018 पासून मोफत मिळते. त्याच्या कॅटलॉगमध्ये हे एकदा भरून ठेवले, नेहमीच्या प्रश्नांना तयार उत्तरे लावली आणि ‘सकाळी 10 नंतर उत्तर मिळेल’ असा आपोआप जाणारा संदेश ठेवला, की रात्री अकराच्या ‘रेट काय?’ला उठून उत्तर द्यायची गरज उरत नाही. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश मात्र आपला नंबर ज्यांनी सेव्ह केला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणून डब्यावरच्या चिठ्ठीत ‘नंबर सेव्ह करा’ ही ओळ हवीच. एवढी एक ओळ कित्येक रील्सचे काम करते.

हे सगळे कितपत चालले, हे लाइकवरून कळत नाही. ऑर्डर घेताना ‘आमच्याबद्दल कुठून कळले?’ एवढे विचारून वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे लिहावे. तुळशीच्या लग्नानंतर, कढई घासून वर ठेवली की ती वही उघडावी. बऱ्याच नावांपुढे इन्स्टाग्राम असेल, तर पुढच्या वर्षी तिथे थोडा जास्त वेळ द्यावा. बऱ्याच नावांपुढे ‘तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी नंबर दिला’ असे असेल, तर पाव किलो चिवडा आधी तिसऱ्या मजल्यावर पोहोचवावा.