भस्माची सूक्ष्मता आणि प्रकाशाची साक्ष

काही रसौषधींच्या माहितीपत्रकांवर 'नॅनो' हा शब्द आणि त्याच्या पुष्ट्यर्थ एक आलेख छापलेला आढळतो. भस्माचे कण अमुक नॅनोमीटरचे आहेत, एवढ्यावरून ते श्रेष्ठ ठरविले जाते. उपकरणांना आमचा विरोध नाही. निश्चंद्रत्वासाठी भस्म उन्हात धरून चकाकी शोधणारी आपली परंपराही प्रकाशाचीच साक्ष काढीत आली आहे. मात्र साक्षीदार नेमके काय सांगतो, हे समजून घेतले पाहिजे.

या परीक्षणात भस्म द्रवात मिसळून त्यातून लेसर किरण सोडतात. लेसर विवर्तन पद्धतीत मोठे कण प्रकाश लहान कोनात, तर बारीक कण मोठ्या कोनात फेकतात. त्यावरून, कण गोल आहेत असे गृहीत धरून, व्यास काढला जातो. दुसऱ्या, 'डीएलएस' या पद्धतीत द्रवातील कणांच्या अखंड थरथरीमुळे प्रकाशाची तीव्रता किती वेगाने बदलते, ते पाहतात. लहान कण चपळ, मोठे मंद.

ही दुसरी पद्धत भस्मांना जपूनच लावावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. रससिंदूर हे पारदाचे सल्फाइड. पाण्याच्या सुमारे आठपट जड. त्याचे भरड कण मापन होईपर्यंत तळाशी बसतात आणि वर तरंगत राहिलेल्या बारीक कणांचेच माप आलेखात उतरते. शिवाय अतिसूक्ष्म कणांचे प्रकाश-विकिरण व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दहापट व्यासाचा एक कण दहा लाख कणांइतका प्रकाश फेकतो. त्यामुळे तोच नमुना संख्येच्या आधारे पाहिल्यास बारीक आणि आकारमानाच्या आधारे पाहिल्यास भरड दिसू शकतो. यांतील कोणता आकडा माहितीपत्रकावर जाईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको!

सूक्ष्मतेचा आलेख अपुनर्भवत्वाविषयी मौन पाळतो, हेही ध्यानात असावे. मुक्त पारद उरला आहे काय, याचे उत्तर त्यात नसते. त्यासाठी रासायनिक परीक्षणच हवे. रेखापूर्णत्व व वारितरत्व यांना तर खर्चही लागत नाही, आणि त्या परीक्षा निर्मितीच्या जागीच करता येतात.

औषधनिर्मात्यांनी आलेखाशेजारी पद्धत, वापरलेला द्रव, ध्वनिलहरींनी कण किती वेळ विलग केले, मोजणी संख्येने की आकारमानाने, आणि नमुन्याचा बॅच क्रमांक छापावा. जेथे हे छापलेले नसेल, तेथे वैद्यबंधूंनी खरेदीपूर्वी ते लेखी मागवून घ्यावे.