आधी संरक्षण, मग समुपदेशन

नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन बाई पोलीस ठाण्यात जाते आणि अनेकदा गुन्हा नोंदवण्याआधी तिच्या हाती समुपदेशनाची तारीख पडते. ठरल्या दिवशी नवरा आणि सासू शेजारच्याच खुर्च्यांवर असतात. दंडावरचे वळ अजून गेलेले नसतात, तरी पहिला प्रश्न तिलाच : ‘तू काय बोललीस?’ मग ‘टाळी एका हाताने वाजत नाही’, ‘पोरांकडे बघ’ असे ऐकवून समजुतीच्या कागदावर सही घेतली जाते आणि तिला नांदायला धाडले जाते.

कायद्याला हे समुपदेशन मान्य नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १४ नुसार दंडाधिकारी पती-पत्नीला एकत्र किंवा वेगवेगळे समुपदेशनास पाठवू शकतात. पण २००६ च्या नियमांनी त्याची चौकट आखली आहे. हिंसा पुन्हा होणार नाही, ही हमी मिळवणे हा बैठकीचा हेतू. तिथे पुरुषाला हिंसेचे समर्थन करता येत नाही आणि हे त्याला आधीच बजावायचे असते. तडजोडीचा प्रयत्नही स्त्रीची इच्छा असेल तरच करायचा.

अनेकींना संसार मोडायचा नसतो, फक्त मार थांबायला हवा असतो, हे खरे. त्या इच्छेचा मान राखायलाच हवा. पण डोक्यावर छप्पर आणि हाती पैसा नसलेल्या बाईने दिलेली संमती ही नाइलाजाची संमती असते. म्हणूनच संरक्षण, निवास आणि आर्थिक मदतीचे आदेश समुपदेशनाच्या आधी मिळाले पाहिजेत.

पुरुषांनाही उपचार मिळावेत, व्यसन असेल तर ते सुटावे. मात्र साहेबासमोर राग गिळणारा माणूस घरी हात उगारतो, तेव्हा तो आजारी असतोच असे नाही. बायकोला मारण्याचा हक्क आपल्याला आहे, असे त्याने गृहीत धरलेले असते. उपचार शिक्षेला पर्याय ठरू नयेत.

मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र उभे राहिले. पीडितेच्या बाजूने उभे राहणारे समुपदेशन महाराष्ट्राला नवे नाही. सरकारने प्रत्येक तालुक्यात असे प्रशिक्षित समुपदेशक नेमावेत आणि तक्रार नोंदवण्याआधी समजुतीला बसवणाऱ्या पोलीस ठाण्यांना जाब विचारावा.