बिनक्लचची मोटार व आमची काळी जमीन

हट्ट्याच्या आसपास हल्लीं ज्यांस मोटार घ्यावयाची असते, ते आम्हांस विचारितात कीं, बिनक्लचची गाडी बरी काय? ह्या नांवांतच गफलत आहे. इ. स. २०१४ मध्यें मारुती सुझुकीनें सेलेरिओबरोबर जी स्वस्त एएमटी आणिली, तींत क्लच असतोच. तो दाबण्याचें काम मात्र पायाऐवजीं यंत्र करितें. पावसाळ्यांत चिखलांत गाडी मागेंपुढें रेटली, अथवा चढावर ब्रेक न दाबतां ॲक्सिलरेटरवरच तोलून धरिली, कीं तो क्लच झिजतो, आणि चालविणाराच्या पायास त्याची खबर लागत नाहीं. गिअरच्या गाडींत ती लागते. शिवाय बॅटरी उतरली तर चार गडी धक्का देऊन ती चालू करितात. ऑटोमॅटिकची ती सोय नाहीं. सबब शेताच्या वाटेस आम्ही गिअरचीच गाडी सांगूं.

गुडघे दुखणाऱ्यांनीं, किंवा ज्यांस नित्य नांदेडच्या गर्दींत जावें लागतें त्यांनीं, ऑटोमॅटिक घेण्यास संकोच करूं नये. (थोरल्यांच्या गुडघ्यांपेक्षां तरुणांची हौसच ह्या खरेदींत पुष्कळदां पुढें असते, ही गोष्ट निराळी.) ऐपत असल्यास टॉर्क कन्व्हर्टरची पाहावी, तींत इंजिनाची ओढ तेलामार्फत पुढें जाते, म्हणून गाडी हिसके देत नाहीं. ती महाग पडते. इसार देण्यापूर्वीं तिची दुरुस्ती वसमतेस होते कीं नांदेडासच न्यावी लागते, एवढें विचारून घ्यावें.