विश्वास आणि वर्चस्व : ताओबाओची कथा

नव्या पेढीने प्रस्थापित पेढीला आव्हान दिल्याच्या कथा व्यापाराच्या इतिहासात पुष्कळ आहेत. त्यांपैकी चीनमध्ये २००३ ते २००६ या काळात ईबे आणि ताओबाओ यांच्यात झालेल्या सामन्याची कथा व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. तिच्या पूर्वार्धात लहान विक्रेत्याची अडचण ओळखणारी एक नवखी संस्था जगातील सर्वांत मोठ्या ऑनलाइन लिलावपेठेला माघार घ्यावयास लावते. उत्तरार्धात तीच संस्था स्वतः बलाढ्य होते आणि ज्यांच्या आधाराने ती वाढली, त्यांच्याशी तिचे वर्तन कसे बदलते हे दिसते. हे दोन्ही भाग एकत्र वाचल्याखेरीज या कथेचा बोध पूर्ण होत नाही.

ईबेची स्थापना १९९५ साली पियर ओमिडियार यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात केली. या पेठेत कंपनी स्वतः माल ठेवीत नसे. कोणीही आपली वस्तू मांडावी, कोणीही बोली लावावी आणि कंपनीने माल मांडण्याचे शुल्क व विक्रीवरील दलाली घ्यावी, अशी तिची रीत होती. इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा फुगा २००० साली फुटला आणि अनेक नामांकित कंपन्या बुडाल्या, तेव्हाही ईबे नफ्यात राहिली. मात्र जपानमध्ये तिला अपयश आले. तेथे याहू जपानने तिच्या आधी लिलावपेठ सुरू केली होती. ईबे मागाहून आली, तिने शुल्क लावले आणि २००२ मध्ये तिला तो देश सोडावा लागला. जो प्रथम येतो त्याचीच पेठ होते, असा धडा ईबेने यातून घेतला.

म्हणून चीनमध्ये तिने प्रथम आलेल्यालाच आपलेसे केले. हार्वर्डमध्ये व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेल्या दोन चिनी तरुणांनी १९९९ साली शांघायमध्ये ईचनेट नावाची लिलावपेठ सुरू केली होती. ईबेने २००२ मध्ये ३ कोटी डॉलर देऊन तिचा एक तृतीयांश हिस्सा घेतला आणि २००३ च्या जूनमध्ये सुमारे १५ कोटी डॉलर मोजून उरलेली कंपनीही विकत घेतली. चीनमधील अशा व्यवहारांचा फार मोठा भाग तेव्हा ईचनेटवरच होत असे. पुढच्याच वर्षी ईबेने मुंबईची बाझी डॉट कॉम ही कंपनी घेतली, तीही याच धोरणाने. तयार पेठ विकत घ्यावी आणि आपल्या जागतिक साखळीत ओवावी, हा तिचा शिरस्ता होता.

हांगझोऊ या शहरात जॅक मा हे या घडामोडी बारकाईने पाहत होते. ते मूळचे इंग्रजीचे शिक्षक. १९९९ साली त्यांनी आपल्या राहत्या घरी काही सहकाऱ्यांसह अलीबाबा ही कंपनी स्थापन केली होती. चीनमधील लहान कारखानदारांची परदेशातील घाऊक खरेदीदारांशी गाठ घालून देणे, हे तिचे काम होते. ईबेचा व्यवसाय किरकोळ, अलीबाबाचा घाऊक. वरवर पाहता दोघांत स्पर्धा नव्हती. परंतु चीनमध्ये घाऊक व किरकोळ यांतील रेषा पुसट आहे, हे मा जाणून होते. आज जुना कॅमेरा विकणारा उद्या शंभर कॅमेरे विकू लागतो. ईबेच्या पेठेत रुळलेला लहान विक्रेता मोठा झाल्यावर तेथेच थांबेल आणि अलीबाबाचे गिऱ्हाईक तुटेल, ही भीती त्यांना वाटली. ताओबाओचा जन्म असा आपली पेढी राखण्याच्या गरजेतून झाला.

२००३ च्या वसंतात मोजक्या कर्मचाऱ्यांना गुप्ततेच्या करारावर सह्या करावयास लावून त्याच जुन्या घरी कामाला बसविण्यात आले. त्याच सुमारास सार्सची साथ पसरली. ग्वांगझोऊच्या व्यापारमेळ्याहून परतलेल्या अलीबाबाच्या एका कर्मचाऱ्याला या रोगाची बाधा झाल्याचा संशय आला आणि कंपनीच्या शेकडो माणसांना आपापल्या घरी विलगीकरणात राहावे लागले. संगणक घरी नेऊन त्यांनी काम चालू ठेवले. अशा स्थितीत १० मे २००३ रोजी ताओबाओ सुरू झाली. या नावाचा अर्थ खजिन्याचा शोध असा आहे. प्रारंभी मात्र तेथे खजिना कसला, मालच नव्हता. कर्मचाऱ्यांनी आपल्या घरातील वस्तू आणून मांडल्या आणि एकमेकांशी खरेदी-विक्री केली. या पेठेमागे अलीबाबा आहे ही गोष्ट १० जुलैला जाहीर झाली. त्या वेळी तीत १० कोटी युआन गुंतविण्याची घोषणाही करण्यात आली.

ईबेने आपल्या सामर्थ्यास साजेसा डाव टाकला. चीनमधील प्रमुख संकेतस्थळांशी तिने असे करार केले की, प्रतिस्पर्ध्याची जाहिरात त्यांनी घेऊ नये. भर पेठेतील सर्व भिंती एकाच पेढीने भाड्याने घ्याव्यात, तसा हा प्रकार होता. ताओबाओ मग आडवाटांकडे वळली. शेकडो लहान संकेतस्थळांवर स्वस्तात जाहिराती मिळत होत्या, त्या तिने घेतल्या. बसगाड्या, भुयारी रेल्वे व दूरचित्रवाणी यांचाही उपयोग केला. या जाहिरातींनी लोक आत आले. परंतु आत आलेली माणसे तेथे का राहिली, याचे उत्तर जाहिरातींत सापडत नाही.

पहिले कारण शुल्काचे. ताओबाओने माल मांडण्यास व विकण्यास पहिली तीन वर्षे काहीही न घेण्याचे जाहीर केले. ज्याचा माल खपेल की नाही याचीच शाश्वती नाही, अशा नवशिक्या विक्रेत्यास ही सवलत मोठी होती. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये तिने ही मुदत आणखी तीन वर्षांनी वाढविली, तेव्हा फुकट देणे हा काही धंदा होऊ शकत नाही, अशा आशयाचे पत्रक ईबेने काढले. हिशेबाच्या दृष्टीने ते अगदी चूक नव्हते. ताओबाओच्या मागे जपानच्या सॉफ्टबँकेसारखे गुंतवणूकदार होते. २००४ च्या फेब्रुवारीत अलीबाबाने ८ कोटी २० लाख डॉलर उभे केले आणि २००५ च्या ऑगस्टमध्ये याहूने सुमारे ४० टक्के हिश्शाच्या बदल्यात आपला चीनमधील व्यवसाय आणि १०० कोटी डॉलर दिले. फुकटाचा खर्च कोणाच्या तरी वहीत पडतच होता. ताओबाओचे पाहून उसन्या भांडवलावर फुकट वाटणाऱ्याने ही बाजू विसरू नये.

दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. चीनमध्ये त्या काळी क्रेडिट कार्डे थोड्यांकडे होती आणि अनोळखी माणसाशी दुरून व्यवहार करण्याची सवय नव्हती. गिऱ्हाईक म्हणे, आधी माल पाठवा. विक्रेता म्हणे, आधी पैसे पाठवा. या कोंडीवर ताओबाओने २००३ च्या ऑक्टोबरमध्ये अलीपेचा तोडगा काढला. गिऱ्हाइकाने रक्कम अलीपेकडे जमा करावी. रक्कम आल्याचे कळताच विक्रेत्याने माल रवाना करावा. माल पाहून गिऱ्हाइकाने होकार दिल्यावरच ती रक्कम विक्रेत्याच्या हाती पडावी. जपानमध्ये शिकणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याने शिआन शहरातील ग्राहकास ७५० युआनला विकलेला जुना कॅमेरा हा या पद्धतीचा पहिला व्यवहार मानला जातो. २००५ च्या फेब्रुवारीत तर, आमच्यामार्फत रक्कम देणाऱ्याची फसवणूक झाली तर भरपाई आम्ही करू, असे अलीपेने जाहीर केले.

आपल्या वाचकांना या योजनेत नवल वाटणार नाही. दूरगावच्या दोन अपरिचित व्यापाऱ्यांमध्ये उभा राहून दोघांची जोखीम आपल्या नावावर घेणारा आडत्या हेच काम करीत आला आहे. अलीपेने त्या जुन्या कामास संगणकाची जोड दिली आणि ज्यांना कोणताही आडत्या दारात उभे करणार नाही, अशा लाखो सामान्य माणसांना ती सोय विनामूल्य मिळवून दिली.

तिसरे कारण संवादाचे. माल पाहावा, भाव विचारावा, थोडी घासाघीस करावी आणि मग घ्यावे, ही आशियाई बाजाराची रीत. ताओबाओने गिऱ्हाइकाला विक्रेत्याशी थेट लिखित संभाषण करता येईल अशी सोय दिली. ईबे मात्र अशा भेटीस नाखूश होती, कारण दोघांची परस्पर ओळख झाली तर सौदा बाहेरच्या बाहेर होऊन दलाली बुडेल, हा तिला धोका वाटे. येथे दोन दृष्टींतील अंतर स्पष्ट होते. एकीने गिऱ्हाईक व विक्रेता यांच्या भेटीत आपले नुकसान पाहिले, तर दुसरीने त्याच भेटीत आपल्या पेठेची वाढ पाहिली.

त्यात ईबेने स्वतःच्या हातांनी एक घाव घालून घेतला. २००४ साली तिने ईचनेटची चिनी यंत्रणा बंद करून सारा कारभार आपल्या जागतिक यंत्रणेवर नेला. चिनी ग्राहकाने शेजारच्या गल्लीतील वस्तू पाहावयाची म्हटली तरी माहिती अमेरिकेतील संगणकांकडून येऊ लागली. पाने संथ उघडू लागली आणि ओळखीची मांडणी नाहीशी झाली. लहानसहान सुधारणांसाठीही सातासमुद्रापलीकडील मुख्यालयाच्या संमतीची वाट पाहावी लागे. ज्यांनी पेठ उभारली, त्यांच्याकडे निर्णयाचा अधिकार उरला नव्हता. मा म्हणत असत, की ईबे ही समुद्रातील शार्क असेल, पण आपण यांगत्से नदीतील मगर आहोत. लढाई नदीत झाली तर मगर जिंकेल.

२००५ च्या प्रारंभी ईबेच्या प्रमुख मेग व्हिटमन यांनी चीनसाठी आणखी १० कोटी डॉलर जाहीर केले. त्याचा उपयोग झाला नाही. डिसेंबर २००६ मध्ये ईबेने आपला चीनमधील व्यवसाय टॉम ऑनलाइन या कंपनीबरोबरच्या संयुक्त उपक्रमात विलीन केला आणि स्वतःकडे ४९ टक्के हिस्सा ठेवून कारभार दुसऱ्याच्या हाती दिला. सामना संपला.

कथा येथे संपविली तर ती धाकट्याच्या विजयाची गोड कथा ठरेल. पुढचा भाग तितका गोड नाही. २००६ च्या मे महिन्यात, म्हणजे विजय दृष्टिपथात असतानाच, ताओबाओने पैसे भरणाऱ्याचा माल यादीत वर दाखविण्याची योजना आणली. विनामूल्य पेठेचे वचन मोडले, असे म्हणत विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवण्याचा इशारा दिला. मा यांनी प्रश्न विक्रेत्यांच्याच मतास टाकला, बहुमत विरोधात गेले आणि जूनमध्ये योजना मागे घेण्यात आली. तोवर ताओबाओला विक्रेत्यांची गरज होती.

२०११ मध्ये दोन घटना घडल्या. अलीबाबाच्या घाऊक पेठेवर प्रमाणित म्हणून मिरविणाऱ्या दोन हजारांहून अधिक विक्रेत्यांनी खरेदीदारांना फसविल्याचे फेब्रुवारीत उघड झाले. त्या विभागाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये ताओबाओच्या मॉल विभागाने वार्षिक शुल्क ६ हजार युआनवरून ३० हजार वा ६० हजारांवर नेण्याचे जाहीर केले आणि अनामत रक्कम १० हजारांवरून कमाल दीड लाख युआनपर्यंत वाढविली. बनावट मालास आळा घालण्यासाठी हे आवश्यक आहे, असे कंपनीचे म्हणणे होते आणि त्यात तथ्यही होते. परंतु हजारो लहान विक्रेत्यांना तो आपल्याला पेठेबाहेर काढण्याचा डाव वाटला व त्यांनी ऑनलाइन निषेध केला. जुन्या विक्रेत्यांपुरती अंमलबजावणी कंपनीला लांबवावी लागली.

त्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये चीनच्या बाजार नियामकाने अलीबाबाला सुमारे १,८२३ कोटी युआनचा दंड ठोठावला. आरोप असा होता की, विक्रेत्याने आपल्या किंवा प्रतिस्पर्ध्याच्या अशा एकाच पेठेची निवड करावी, यासाठी कंपनी आपल्या वर्चस्वाचा गैरवापर करीत होती. ज्या कंपनीला एकेकाळी ईबेच्या जाहिरातकरारांनी मोठ्या संकेतस्थळांची दारे बंद झाली होती, तीच आता आपल्या विक्रेत्यांना दुसऱ्याच्या दारी जाऊ देत नव्हती. वीस वर्षांच्या आत भूमिका पूर्ण उलटली होती.

या वळणाकडे केवळ एका कंपनीचा दोष म्हणून पाहू नये. लहान असताना प्रत्येक पेढी गिऱ्हाइकाच्या पावलाकडे पाहते, कारण ते पाऊल वळले तर तिचा दिवस फुकट जातो. वर्चस्व आल्यावर पाऊल वळणार नाही अशी खात्री वाटते आणि मग सोय कोणाची पाहावयाची, हे बदलत जाते. ईबेच्या मुख्यालयात जे घडले, तेच पुढे हांगझोऊमध्ये घडले.

आज आपल्यापैकी अनेक कुटुंबांतील तरुण पिढी अशाच ऑनलाइन पेठांवर माल विकते. ते योग्यच आहे. नव्या पेठेपासून दूर राहणे म्हणजे गिऱ्हाइकापासून दूर राहणे होय. मात्र दोन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. पहिली अशी की, मोठ्या स्पर्धकाचे भांडवल पाहून खचू नये. त्याच्या लांबलेल्या कारभारात गिऱ्हाइकाची कोणती अडचण दुर्लक्षित राहिली आहे ते शोधावे आणि ती सोडवावी. गिऱ्हाईक ज्याला धोका समजते, ती जोखीम जो आपल्या अंगावर घेईल, त्याच्याकडे ते परत येते. दुसरी अशी की, आज जी पेठ आपली दलाली माफ करते, ती उद्याही करील असे गृहीत धरू नये. विक्रीचा सगळा भार एकाच पेठेवर टाकू नये. दुकानाची पायरी, फोनवरील जुने गिऱ्हाईक आणि थेट ओळख यांची जपणूक चालू ठेवावी. पेठ कोणाचीही असो, आपल्या नावावरचा विश्वास आपल्याच वहीत जमा राहिला पाहिजे. तो दुसऱ्याच्या खाती गेला की दर ठरविण्याचा अधिकारही त्याच्याकडे जातो.