विश्लेषण : आयबीएमच्या पहिल्या पीसीचे अंधेरी कनेक्शन काय?

घरगुती संगणकाचा इतिहास म्हटला की कॅलिफोर्नियातले गॅरेज आठवते. विरार लोकलने अंधेरीला उतरून सीप्झ गाठणाऱ्यांना मात्र सहसा ठाऊक नसते, की त्या इतिहासाचा एक तुकडा त्यांच्या कामाच्या आवारातच घडला. कंपनीचे नाव टँडन कॉर्पोरेशन.

कोण होते टँडन?

पंजाबात जन्मलेल्या सिरजंग लाल ऊर्फ ‘जुगी’ टँडन यांनी अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. सुरुवात झाली फ्लॉपीवरची माहिती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या ‘हेड’पासून. फ्लॉपी फक्त ‘सेव्ह’च्या चिन्हात पाहिलेल्यांसाठी : ती चुंबकीय लेप दिलेली लवचिक चकती. टँडन यांनी तिच्या दोन्ही बाजू वापरणारे हेड विकसित केले, म्हणजे त्याच चकतीत दुप्पट माहिती.

पुढे कंपनी अख्खे ड्राइव्ह बनवू लागली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने पहिला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्यात टँडनचा सव्वापाच इंची ड्राइव्ह होता. क्षमता १६० केबी. तुमच्या व्हॉट्सअॅपवरचा सकाळचा ‘गुड मॉर्निंग’ फोटोही त्यात मावेलच असे नाही.

मुंबईच का?

हेडची जुळणी हे नाजूक, वेळखाऊ हातकाम. ते अमेरिकेत महाग पडे. इकडे १९७३ पासून सीप्झ सुरू होते (नाव सांताक्रूझचे, पत्ता अंधेरी पूर्वेचा). सुटे भाग शुल्काविना आणायचे, तयार माल निर्यात करायचा. इथल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत बहुसंख्य कामगार महिला होत्या. टँडनने आपले काम इथे आणले. त्या काळात भारतातल्या सामान्य घराला पीसी परवडत नव्हता. त्याचे भाग मात्र मुंबईतून परदेशी जात होते.

मग बिनसले कुठे?

एका बड्या ग्राहकावर विसंबण्यात. १९८० च्या दशकाच्या मध्यावर आयबीएमने मागणी घटवली, ड्राइव्हच्या किमती कोसळल्या आणि टँडन तोट्यात गेली. मग तिने स्वतःच पीसी बनवायला घेतले. ६५०२ या गाजलेल्या चिपचे जनक चक पेडल तिथे काम करत होते. काढून नेता येणारी हार्ड डिस्क ही त्यांची कल्पना. चांगली होती, पण पुरली नाही. १९८८ मध्ये हार्ड डिस्कचा व्यवसाय वेस्टर्न डिजिटलला विकला गेला, १९९३ मध्ये दिवाळखोरी.

आज भारतात आयफोनची जुळणी होते, तेव्हा निर्यातीचे आकडे आधी सांगितले जातात. टँडनचा अनुभव पाहता पहिला प्रश्न दुसरा हवा : आराखडा आणि पेटंट कुणाच्या नावावर? सीप्झमध्ये हात मुंबईचे होते, पेटंट कॅलिफोर्नियाचे. कंपनी बुडाल्यावर पेडल यांचे नाव इतिहासात राहिले. हेड जोडणाऱ्या बायकांची नावे कुठेच नाहीत. सीप्झमध्ये आता मोठा पसारा दागिन्यांचा आणि सॉफ्टवेअरचा आहे.