पऱ्हाटीची राख की पऱ्हाटीचे खत?

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की शिंदखेडा तालुक्याच्या शिवारात पऱ्हाटी उपटण्याचे काम सुरू होते. काही पऱ्हाटी सरपणासाठी घरी जाते, काही बांधावर रचली जाते आणि उरलेली शेतातच पेटवून दिली जाते. तासाभरात शेत मोकळे होते. पुढे वैशाखात तोच शेतकरी शेणखत कोठे मिळेल ह्याची चौकशी करीत हिंडतो व त्यासाठी पदरचे पैसे मोजतो. हा व्यवहार तोट्याचा आहे, आणि तो किती तोट्याचा आहे हे आपल्या जमिनीचा स्वभाव ध्यानी घेतल्यावाचून कळणार नाही.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथील प्रयोगक्षेत्रात बार्लीच्या एका तुकड्यास १८५२ पासून १८७१ पर्यंत दरवर्षी शेणखत देण्यात आले व नंतर ते बंद करण्यात आले. त्या खताचा प्रभाव शंभराहून अधिक वर्षांनंतरही मातीच्या परीक्षणात दिसून येत होता. थंड देशात सेंद्रिय द्रव्य सावकाश कुजते. खानदेशात तसे घडत नाही. पुरेशी ओल असेल तर उष्णता दहा अंशांनी वाढताच कुजण्याचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की मातीतील सूक्ष्म जीव एकदम जागे होतात व सेंद्रिय द्रव्याचा झपाट्याने फडशा पाडतात. म्हणून उष्ण प्रदेशात सेंद्रिय खत हे एकदा ठेवून विसरून जाण्याची ठेव नव्हे. ते रोजच्या भाकरीसारखे आहे. थोडे का असेना, पण ते नियमाने दिले पाहिजे.

एक हेक्टर जमिनीतील वरच्या वीतभर मातीचे वजन सुमारे वीस लाख किलो भरते. तिच्यातील सेंद्रिय कर्ब केवळ ०.१ टक्क्याने वाढवावयाचा म्हटले तरी दोन हजार किलो कर्ब जमिनीत टिकून राहावा लागतो. आणि घातलेल्या खतातील बहुतेक कर्ब तर कुजताना हवेत निघून जातो. माती परीक्षणात ०.५ टक्क्याहून कमी कर्ब आढळल्यास जमीन ह्या बाबतीत दुबळी समजली जाते. असे असता हेक्टरी दोन-तीन टन, कोरडवाहू शेतात त्याहून काही कमी, मिळणारी पऱ्हाटी जाळून टाकणे परवडणारे नाही. ती जळताना कर्बाबरोबर बहुतेक नत्र व गंधकही धुरावाटे जाते. राखेत पालाश उरतो, पण माती भुसभुशीत ठेवणारा व ओल धरून ठेवणारा अंश नाहीसा होतो. तुटपुंज्या व लहरी पावसाच्या ह्या तालुक्यात ओल टिकणे म्हणजेच पीक टिकणे होय.

पऱ्हाटी जाळण्याच्या बाजूने एक सबळ कारण सांगितले जाते, ते गुलाबी बोंडअळीचे. २०१७ च्या हंगामात ह्या किडीने महाराष्ट्रातील कापसाचे अतोनात नुकसान केले. किडकी बोंडे असलेली पऱ्हाटी बांधावर रचून ठेवणे हे जाळण्याहूनही वाईट, ह्यात शंका नाही. परंतु जाळणे व रचणे ह्यांखेरीज तिसरी वाट आहे. फरदड न घेता पीक वेळेवर संपवावे आणि पऱ्हाटी उपटताच यंत्राने तिचा बारीक चुरा करून तो खड्ड्यात भरावा. चुरा होताना बऱ्याच अळ्या मरतात. नीट भरलेल्या ढिगात उष्णता साठ अंशांपर्यंत चढते व उरलेल्या किडीचा नाश होतो.

ही वाट नवी नाही. शेजारच्या इंदूर येथे सर अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनी कंपोस्टाची जी पद्धत बसविली व १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली, ती काळ्या जमिनीच्या व कापसाच्या प्रदेशातच जन्मास आली. पऱ्हाटीसारखा कठीण काडीकचरा ते रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरून घेत. शेण, गोमूत्राने भिजलेली माती व थोडी राख मिसळून तो रचीत, ओल राखीत आणि तीन वेळा उलथापालथ करून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करीत. आता चाकांचे काम यंत्र करते. ते एकट्यास परवडत नसेल तर गटाने घ्यावे अथवा भाड्याने आणावे.

अडचण आहे ती पाण्याची. म्हणून शिंदखेड्यास उघड्या ढिगापेक्षा ओल राखणारा खड्डा अधिक योग्य. तो गोठ्याजवळ, सांडपाणी व गोमूत्र सहज पोहोचेल अशा जागी असावा आणि वरून मातीने लिंपावा. अर्धवट कुजलेला चुरा पेरणीच्या तोंडावर जमिनीत गाडू नये. तो कुजविणारे जीव मातीतील नत्र स्वतःकडे ओढून घेतात व कोवळे पीक पिवळे पडते.

ज्या घरी चुलीसाठी पऱ्हाटी व गोवऱ्यांखेरीज साधन नाही, त्या घरी केवळ उपदेश करून काही साधणार नाही. दोन-तीन जनावरे व पुरेसे पाणी असेल तेथे गोबर गॅस हा उत्तम उपाय, कारण त्यात शेणाचे इंधनही होते व खतही उरते. हिरवळीच्या खताविषयीही तारतम्य हवे. ताग फुलावर येताच गाडणे बागायतदारास शक्य आहे. एकाच पावसाळी पिकावर वर्ष काढणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यास त्यासाठी हंगाम सोडावयास सांगणे अन्यायाचे होईल. त्याने बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला जमिनीस द्यावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने गावोगाव शंभर गोष्टी सांगण्यापेक्षा यंदा एका गावात, एका शेतात, एक खड्डा भरून दाखवावा. पुढील वर्षी शेजारच्या शेताशी ओल व पीक ह्यांची तुलना शेतकरी स्वतःच करतील. जमिनीतून आलेले जमिनीस परत करणे हा उपकार नव्हे, ते देणे आहे. आणि खानदेशच्या उन्हात हे देणे दरसाल फेडावे लागते.