मतपेटीऐवजी गुणपत्रिका

कॉलेजात निवडणुका म्हणजे मारामाऱ्या, हे दादर-परळच्या पन्नाशी उलटलेल्या कुणाकडूनही ऐकायला मिळतं. त्यांना खोटं पाडता येणार नाही. १९८९ साली ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला, तो कॉलेज निवडणुकीच्याच वैरातून. पुढे १९९४च्या विद्यापीठ कायद्याने मतपेटी उचलून नेली आणि तिथे गुणपत्रिका ठेवली. आदल्या परीक्षेत वर्गात पहिला आलेला तो वर्गप्रतिनिधी.

खुन्यावर खटला भरायचा असतो. इथे मतदाराचंच मत जप्त झालं.

आमच्या वर्गात शिपाई नोटीस घेऊन आला, तेव्हा पहिली आलेली मुलगी बाकाखाली पेन शोधायचं सोंग करत होती. तिला सीए व्हायचं होतं, पुढारीपण नको होतं. वर्षभरात ती एका सभेला गेली, बटाटेवडा खाल्ला, सही केली. मुलींच्या कॉमन रूममधला पंखा बंद होता, तो बंदच राहिला. तिला जाब कसा विचारणार? तिला आम्ही निवडलं कुठे होतं?

बरं, राजकारण तरी बाहेर राहिलं का? मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेच्या दहा पदवीधर जागा बघा. सप्टेंबर २०२४मध्ये सरकारने ही निवडणूक आयत्या वेळी थांबवली, उच्च न्यायालयाने ती घ्यायला लावली आणि दहाच्या दहा जागा ठाकरेंच्या युवासेनेने जिंकल्या. मतदार साडेतेरा हजारांच्या आत, तेही पदवी घेऊन बाहेर पडलेले. आज फी भरणाऱ्याला तिथे मत नाही. पक्षांना पॅनेल मात्र आहे.

२०१६च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातले अध्यक्ष, सचिव, वर्गप्रतिनिधी हे सगळे थेट मतदानाने निवडायचे ठरवले. लिंगडोह समितीचे नियम तर २००६पासून आहेत: खर्च पाच हजारांपर्यंत, छापील पोस्टर बंद, हजेरी ७५ टक्के. तरी २०१९ला या निवडणुका पुढे ढकलायला विधानसभेचं निमित्त निघालं, मग कोविड आला.

‘पोरांना झेपणार नाही’ म्हणणाऱ्यांनी गणपतीत लालबागला यावं. याच वयाची पोरं रात्रभर दोर धरून रांगा आवरतात. (मंडळांतही भांडणं होतात. म्हणून कुणी गणपती बंद केलाय?)

नियम मोडणाऱ्याचा अर्ज बाद करा, मतदान आणि मोजणी एकाच दिवशी उरका. पंखा दुरुस्त करून घेईन, एवढंच सांगून एखादीने मत मागितलं असतं, तरी मी दिलं असतं. आणि दिवाळीपर्यंत तो फिरला नसता, तर तिला कॅन्टीनमध्ये गाठलं असतं.